आवश्यक असल्यास दुपट्टा
कार्यालयीन पेहरावाच्या दोन शासकीय कागदांचे सोलापुरातून वाचन

कुर्ता शिवायला टाकणारी मुलगी नोकरीला लागली आहे, हे माप घेणाऱ्या बाईंना न सांगता कळते. कॉलेजात असताना ती मोबाइलवर गळ्याचे चित्र दाखवायची. आता म्हणते, "गळा दोन बोटं वर घ्या, ऑफिसला घालायचाय." बाह्या कोपरापर्यंत उतरतात, बाजूचा कट खाली येतो, फिटिंग इंचभर सैल होते आणि कापड जाड असले तरी अस्तर लावायचे ठरते. सोलापुरात नव्या पेठेच्या आसपास शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे मी काही दुपारी बसून होतो. त्या याला 'नोकरीचं माप' म्हणतात. हे माप कोणी ठरवले, असे मी विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ठरवलेलंच असतंय की ते."

ठरवलेलेच असते, पण लिहिलेले नसते. कामाच्या जागी बाईचे अंग किती दिसावे याविषयी आपल्याकडे नियम उदंड आहेत, कागद मात्र फार थोडे. बहुतेक काम नजरेने, एखाद्या खाकरण्याने किंवा जेवणाच्या सुट्टीतल्या चार वाक्यांत उरकते. म्हणून सरकारने जेव्हा या विषयावर लेखणी उचलली, तेव्हा तयार झालेला मजकूर एखादी कविता वाचावी इतक्या बारकाईने वाचायला हवा. असे दोन मजकूर अलीकडचे आहेत. पहिला, राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाचे ८ डिसेंबर २०२० चे परिपत्रक, मंत्रालयापासून तालुक्यापर्यंतच्या कर्मचाऱ्यांसाठी. दुसरा, शालेय शिक्षण विभागाचा १५ मार्च २०२४ चा निर्णय, शिक्षकांसाठी. दोन्ही प्रसिद्ध झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी 'जीन्स-टीशर्टला बंदी' एवढाच मथळा केला, आणि त्या मथळ्याखाली खरा मजकूर झाकला गेला.

२०२० च्या परिपत्रकाची सुरुवात तक्रारीने होते. अनेक कर्मचारी, त्यातही कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागार म्हणून नेमलेली मंडळी, सरकारी नोकराला साजेसा वेश करीत नाहीत आणि त्यामुळे लोकांच्या मनातली प्रतिमा मलिन होते, असा तिचा आशय. 'कंत्राटी' हा शब्द नजरेआड करू नये. ज्याच्या नोकरीला सरकार स्वतः पुरते नोकरी म्हणत नाही, त्याच्या कपड्यांनी सरकारची प्रतिमा बिघडते, असे हे गणित आहे. पुढे यादी येते. स्त्रियांनी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, किंवा ट्राउझर आणि त्यावर कुर्ता वा शर्ट घालावा, आणि आवश्यक असल्यास दुपट्टा घ्यावा. पुरुषांनी शर्ट आणि पँट. गडद रंग नकोत, चित्रविचित्र नक्षी नको, स्लिपर नको. शुक्रवारी खादी. (खादी हाताने कातलेली आणि हाताने विणलेली असावी लागते, त्यामुळे यंत्रमागांच्या या शहराला त्या शुक्रवारचा काही लाभ नाही, ही आमची स्थानिक कुरकुर.)

या यादीत 'तोकडे', 'उत्तान', 'अंगप्रदर्शन' यांपैकी एकही शब्द नाही. हा त्या मसुद्याचा शहाणपणा म्हणावा की चलाखी, ते ज्याने त्याने ठरवावे. मला त्यातली दोनच पदे महत्त्वाची वाटतात : 'आवश्यक असल्यास'. पँट आवश्यक असल्यास घालावी असे कोणी लिहीत नाही. दुपट्टा मात्र आवश्यक असू शकतो किंवा नसू शकतो. मग ही आवश्यकता कोणी पाहायची? थंडी वाजते म्हणून दुपट्टा घेण्याची गोष्ट इथे चाललेली नाही. समोरच्या टेबलावरून, दारातून, केबिनमधून पाहणाऱ्या कोणाला तरी ती जाणवायची आहे, आणि तो कोण हे कागद सांगत नाही. जे लिहायला जीभ अडखळली, ते सगळे या दोन पदांच्या आड बसले आहे. २०२४ चा निर्णय दुसऱ्या खात्याचा असल्याने दोहोंमध्ये परंपरा शोधणे बरोबर नाही. तरी एवढे नोंदवायला हरकत नाही की शिक्षिकांच्या यादीत सलवार, चुडीदार, कुर्त्यापुढे दुपट्टा सरळ उभा आहे, 'असल्यास' हा आडपडदा गेला आहे. त्याच निर्णयात पुरुष शिक्षकांना शर्ट फिका असावा, पँट गडद असावी आणि शर्ट खोचलेला असावा, असे सांगितले आहे. म्हणजे पुरुषाने कपडा आत घ्यायचा आणि बाईने वरून आणखी एक घ्यायचा.

आणि साडी? साडीला दोन्ही कागदांत बिनशर्त प्रवेश आहे. तिच्या ब्लाऊजविषयी अवाक्षर नाही. जीन्स कमरेपासून घोट्यापर्यंत जाड कापडाने झाकते, तर साडीत पोट, कंबर, पाठ आणि दंड यांतले काही ना काही उघडे राहतेच. पाठीचा गळा कमरेच्या वर चार बोटे असलेला, गोंडे लावलेला ब्लाऊज परिपत्रकाच्या कसोटीत उत्तीर्ण होतो आणि पूर्ण बाह्यांचा सैल टीशर्ट नापास. साडीवर माझा रोख नाही. ती घालून पिढ्यान्पिढ्या बायकांनी शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या चालवल्या. म्हणणे इतकेच की हे नियम कापड मोजत नाहीत. उघडेपणा हा त्यांचा विषय असता तर यादी वेगळी झाली असती.

मग ते काय मोजतात? माझ्या वाचनात सगळा मजकूर एका मराठी क्रियापदाभोवती फिरतो : शोभणे. या क्रियापदाची घडण पाहा. 'हे शोभत नाही' एवढे म्हटले की वाक्य पुरे होत नाही, कुणाला, ते सांगावे लागते. तुला शोभत नाही. शिक्षिकेला शोभत नाही. चांगल्या घरच्या सुनेला शोभत नाही. तोकडे म्हणताना आपण कापडाकडे पाहतो, अंगप्रदर्शन म्हणताना घालणारीच्या मनात हेतू बसवतो, आणि शोभत नाही म्हणताना तिच्या पदाकडे पाहतो. ज्याला पद नाही त्याला न शोभणारे काहीच नसते.

हे पडताळायला सोलापूरसारखी जागा नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला गाव अजून जुनी मिल म्हणते. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना पूर्व भागातल्या एखाद्या मागाच्या शेडमध्ये शिरून पाहावे. पंखा लावला तर तंतू उडतात, वर पत्रा तापलेला असतो. पुरुष बनियन आणि आखूड चड्डीवर, कित्येकदा उघड्या अंगाने, आठ-दहा तास उभे असतात. त्यांच्या शेजारी कांड्या भरणाऱ्या, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका पदर कमरेला खोचून बसलेल्या असतात. पदर खोचला की कंबर उघडी पडतेच. कोणी त्याला अंगप्रदर्शन म्हणाल्याचे ऐकिवात नाही. आणि ते योग्यच आहे, कारण ते काम आहे.

आपली भाषा हे फार पूर्वीपासून ओळखून आहे. पदर खोचून कामाला लागणे, बाह्या सरसावणे, कंबर कसणे : मराठीत कामाला सुरुवात करण्याचे जवळजवळ सगळे वाक्प्रचार कपडा आवरण्याचे, आखूड करण्याचे, घट्ट करण्याचे आहेत. कायद्यानेही एके काळी हेच लिहिले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २२ चालत्या यंत्राजवळच्या कामाविषयी होते. यंत्र चालू असताना त्याची तपासणी, तेलपाणी वगैरे करायचेच असेल तर ते प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराने घट्ट बसणारे कपडे घालूनच करावे, असे त्यात म्हटले होते. सैल टोक पट्ट्यात अडकले तर माणूस आत ओढला जातो. त्याच कलमात स्त्रियांना चालू यंत्राची सफाई, तेलपाणी किंवा जुळवाजुळव करण्यापासून दूर ठेवले होते. शेडमध्ये घट्ट कपडा जीव वाचवतो. तिथून पाच किलोमीटरवरच्या कचेरीत तोच घट्ट कपडा शिस्तभंग होतो, आणि ज्या लोंबत्या ओढणीला शेडमध्ये सगळे घाबरतात ती कचेरीत 'आवश्यक' होते. या कलमात आणखी एक तरतूद होती, ती शेवटी सांगतो.

विडी कामगार बायकांची गोष्ट निराळी. या शहरात हजारो बायका कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणतात, विड्या वळतात आणि मोजून परत देतात. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानले. म्हणजे तिचे घर ही तिची कामाची जागा. तिथला पेहराव कोणता? गाऊन. मांडीवर सूप, पुढ्यात पाने, अंगात फुलाफुलांचा गाऊन. सोलापुरातल्या कष्टकरी बाईचा हाच खरा कामाचा वेश आहे, पण तो कुठल्याही कागदावर नाही. माल द्यायला निघताना मात्र ती साडी नेसते, आणि नुसते कोपऱ्यावरच्या नळापर्यंत जायचे असेल तर गाऊनवर खांद्यावरून टॉवेल किंवा ओढणी टाकते. गाऊनने आधीच खांद्यापासून पायापर्यंत सगळे झाकलेले असते. टॉवेलने आणखी काही झाकले जात नाही. 'मी घरातून बाहेर आले आहे, याची मला जाणीव आहे,' एवढे तो टॉवेल सांगतो. परिपत्रकातला दुपट्टा हा याच टॉवेलचा सरकारी भाऊ आहे.

आता दुसरे टोक. फौजदार चावडीच्या चौकात वाहतूक सांभाळणारी महिला पोलीस पाहा. खोचलेला खाकी शर्ट, कमरेला पट्टा, पँट, वर ओढणी नाही. शरीराची ठेवण लपवणे हा त्या वेशाचा हेतूच नाही. पूर्वी याच खात्यात बायका साडीत दिसत. पँट आली तेव्हा थोडी कुजबुज झाली आणि विरली. आज त्या वेशाला कोणी उघडा म्हणत नाही, कारण त्यात दंड करण्याचा अधिकार शिवलेला आहे. तोच खोचलेला शर्ट आणि पट्टा जिल्हा परिषदेतल्या कंत्राटी संगणकचालक मुलीने घातला तर दुपारपर्यंत कोणीतरी तिला बाजूला घेईल. कापड तेच, माप तेच, फक्त पद बदलले. सोलापूर हे गणवेश शिवणारे गाव. इथले कारखानदार देशभरच्या शाळांना आणि संस्थांना गणवेश पुरवतात. पद कपड्यात कसे शिवले जाते, हे आमच्या कारागिरांइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

माळशिरसपासून मोहोळपर्यंत जिल्ह्यात कुठेही विचारा, मोडनिंबचे नाव निघाले की लोक कला केंद्रांविषयी बोलू लागतात. तिथे लावणी करणारी स्त्री नऊवारीत नखशिखांत गुंडाळलेली असते, दुपट्टेवालीपेक्षाही जास्त. तरी गावाच्या बोलण्यात ती 'उघडी'च. तीच नऊवारी, आता शिवून तयार मिळणारी, कार्यालयातल्या 'पारंपरिक दिना'ला साहेबांच्या बाजूला फोटोत उभी राहते तेव्हा संस्कृती होते. कचेरीतल्या गुरुवारच्या नऊवारीवर टाळ्या आणि मोडनिंबच्या रोजच्या नऊवारीवर कुजबुज, याचे उत्तर कापडात सापडणार नाही.

नऊवारीचे हे स्थानही कायमचे नव्हते. काष्ट्याची साडी ही कामकरी साडी; चालणे, वाकणे, मांडी घालणे, पाण्यात उतरणे हे सगळे तिच्यात सोपे. पण तिच्यात पोटरी दिसते. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. तिथल्या थंडीत आणि तिथल्या नजरेत नऊवारीने उघडे राहणारे पाय ही अडचण झाली. विलायती झगा त्यांना नको होता. त्यांनी वाट काढली ती गुजराती पद्धतीच्या साडीची, आत परकर, घोट्यापर्यंत झाकलेली. पुण्या-कल्याणात जे सोज्वळ होते ते एका समुद्रप्रवासात 'उघडे' ठरले आणि आनंदीबाईंनी ते स्वतःच्या अकलेने सोडवले. पुढे शिकलेल्या बायकांमध्ये गोल साडी रुळली आणि काष्टा शेतात, बाजारात, विडीच्या कारखान्यात मागे राहिला. आज परिपत्रकाला 'साडी' म्हणताना जी दिसते ती ही गोल साडी. तिला परंपरा म्हणायचे तर ती फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांची.

झाकणे हाच मान, हेही सर्वत्र खरे नव्हते. त्रावणकोरात खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांना अंग झाकण्यासाठी भांडावे लागले. शाणार स्त्रियांना तो हक्क संस्थानाने १८५९ साली दिला, तोही वरच्या जातींसारखा झाकायचा नाही या अटीवर. न शोभणारे वस्त्र म्हणजे तिथे जास्तीचे वस्त्र होते. आणि २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड चड्ड्या घातल्या म्हणून त्यांना १५०० युरो दंड झाला. कमी झाकल्याबद्दल ओरडणारा आणि जास्त झाकल्याबद्दल दंड करणारा, दोघांचा दावा एकच असतो : तुझ्या अंगाचे माप मी ठरवणार.

महाराष्ट्रातल्या एका न्यायालयीन निर्णयाने हा दावा थोडा तरी तपासला. नागपूर जिल्ह्यात उमरेडजवळच्या एका रिसॉर्टवर पोलिसांनी छापा घातला, तोकड्या कपड्यांत नाच चालला होता म्हणून गुन्हा नोंदवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. तोकडा स्कर्ट किंवा पोलिसांना अश्लील वाटलेले हावभाव एवढ्यानेच अश्लीलता सिद्ध होत नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. पाहणाऱ्या अधिकाऱ्याला काय वाटले आणि वस्तुस्थिती काय, या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या केल्या. 'आवश्यक असल्यास' या पदांत त्या एक झालेल्या आहेत. न्यायालयेही नेहमी इतकी सावध नसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये कोळिकोडच्या सत्र न्यायालयाने लैंगिक छळाच्या तक्रारीत आरोपीला जामीन देताना तक्रारदार स्त्रीच्या कपड्यांवर टिप्पणी केली होती. केरळ उच्च न्यायालयाला ती पुसावी लागली.

खरा धोका इथे आहे, आणि त्यासाठीच हे सगळे वाचन. १९९७ च्या विशाखा निकालानंतर, आणि पुढे २०१३ च्या कायद्याने, कामाच्या जागी लैंगिक छळाची व्याख्या करताना एकच गोष्ट पाहिली : नकोसे वर्तन. व्याख्येत कपडा नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. कायद्याने कपडा दाराबाहेर ठेवला आणि पेहरावाच्या परिपत्रकाने तो मागच्या दाराने आत आणला. समितीपुढे बसलेल्या माणसाला आता असे विचारता येते, की नियमात दुपट्टा होता, तो त्या दिवशी घेतला होता का? प्रश्न साधा, कागदाला धरून. पण तो विचारला जाईल या भीतीनेच कित्येक तक्रारी समितीपर्यंत पोचत नाहीत, असे मला कार्यालयांतल्या बायकांशी बोलताना पुन्हा पुन्हा जाणवले. आकडे देऊ शकत नाही. न केलेल्या तक्रारीची नोंद कुठल्या वहीत असणार?

परिपत्रकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अक्कलकोट किंवा सांगोल्याच्या खेड्यातून सातबाऱ्यासाठी आलेली म्हातारी टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायला आधीच बिचकते. पलीकडचा माणूस नीटनेटका, ओळखू येणारा असावा ही अपेक्षा रास्त आहे. कपडे स्वच्छ असावेत, हे परिपत्रकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तसेच एखादी ज्येष्ठ सहकारी नव्या मुलीला हळूच "ओढणी नीट घे गं" म्हणते तेव्हा ती पहारेकरी असतेच असे नाही. त्या टेबलावर तीस वर्षे काढून कोणता साहेब कसा पाहतो हे तिला पाठ झालेले असते. तिचा सल्ला मायेचा असतो. मात्र ती मुलीला सावध करते आणि साहेबाला नाही, कारण साहेबाला सावध करण्याचे परिपत्रक निघालेले नाही.

कलम २२ मधली राहिलेली तरतूद अशी. चालत्या यंत्राजवळच्या कामगाराने घट्ट कपडे घालायचे, आणि ते मालकाने पुरवायचे. कंसात, पण स्पष्ट लिहिलेले होते. कामासाठी विशिष्ट कपडा हवा असेल तर त्याचा खर्च काम करून घेणाऱ्याचा. २०२० च्या आणि २०२४ च्या यादीतल्या साड्या, कुर्ते, फिके शर्ट आणि दुपट्टे ज्याचे त्याने घ्यायचे आहेत, कंत्राटी मुलीनेही, तिच्या कंत्राटी पगारातून. नव्या पेठेतल्या त्या बाईंच्या वहीत मापाच्या खाली हिशेब असतो. शिलाईचा आकडा एका ओळीत, आणि त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत, अस्तराचा.